सगळ्या भाषा एकीकडे, इंग्रजी एकीकडे

‘आय ॲम स्टडिंग इन धिस स्कूल सिन्स टू इयर्स.’

भालकी तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात हे वाक्य मी लाल शाईने खोडलं. मुलांच्या वहीत खोडलं, मुलींच्या वहीत खोडलं, शेवटी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून त्यावर फुली मारली. पुढच्या वर्षी कन्नड माध्यमाच्या वर्गावर गेले तर तेच वाक्य. मग शेजारच्या उर्दू शाळेतल्या मास्तरांनी आपला गठ्ठा दाखवला, त्यातही तेच. तीन माध्यमं, तीन लिप्या, आणि चूक मात्र एकाच साच्यातली. परीक्षेत असं झालं असतं तर मी कॉपीचा संशय घेतला असता.

कॉपी झालीच होती, पण मुलांनी एकमेकांची केली नव्हती. मराठी घरातलं लेकरू ‘दोन वर्षांपासून’ म्हणतं. कन्नड घरातलं म्हणतं ‘एरडु वर्षदिंद’. दखनी बोलणाऱ्या घरात ‘दो साल से’. नारायणखेडकडून लग्न होऊन आलेल्या आईचं तेलुगू घरात टिकून असेल, तर ‘रेंडु संवत्सराल नुंचि’. चारही भाषांना सुरुवातीचा क्षण आणि मधला काळ यांच्यासाठी एकच शब्द पुरतो. ‘सोमवारपासून’ आणि ‘चार दिवसांपासून’ यांत आपल्याला काही फरक जाणवत नाही, कारण फरक करण्याची कधी गरजच पडली नाही. इंग्रजीला मात्र तो करावाच लागतो. मोजणी कुठून सुरू झाली ते सांगायचं असेल तर ‘सिन्स’, किती लांब चालली ते सांगायचं असेल तर ‘फॉर’. त्या वाक्यातलं क्रियापदही चुकलेलंच असतं, पण ते दुखणं वेगळं आणि त्यावर औषधं पुष्कळ आहेत. मला पडलेला प्रश्न शेवटच्या तीन शब्दांचा होता. ही पुस्तिका त्या प्रश्नातून निघाली, आणि वाढत वाढत इंग्रजीतल्या सगळ्या क्रियाविशेषण-पदबंधांपर्यंत गेली.

या प्रस्तावनेत इंग्रजी वाक्यंही नागरीतच लिहिली आहेत. आमच्या भागातलं मूल बसची पाटी कन्नडमध्ये वाचतं, धडा मराठीत, दर्ग्यावरचा मजकूर उर्दूत ओळखू पाहतं. चौथी लिपी त्याला जड नाही. पण वाक्य आधी कानाने ऐकावं आणि मग डोळ्याने वाचावं, हा माझा जुना हट्ट आहे.

आता नावाचा घोळ. शाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात ‘ॲडव्हर्ब फ्रेज’ म्हणजे क्रियाविशेषणाचं काम करणारा शब्दांचा गट. कसं, कुठे, कधी, का, किती वेळ या प्रश्नांना जो गट उत्तर देतो तो. ‘विथ ग्रेट स्पीड’, ‘इन द मार्केट’, ‘ऑन मंडे’ हे सगळे त्यात बसतात. 1985 साली क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक या चौघांचं इंग्रजीचं मोठं व्याकरण आलं. त्या परंपरेत ‘ॲडव्हर्ब फ्रेज’ म्हणजे ज्या गटाचा मुख्य शब्दच क्रियाविशेषण आहे तो गट, जसं ‘व्हेरी स्लोली’. ‘इन द मार्केट’ला तिथे रचनेवरून वेगळं नाव मिळतं, आणि दोघंही वाक्यात जे काम करतात त्याला ‘ॲडव्हर्बियल’ म्हणतात. रूप आणि काम वेगळं मोजायचं, ही त्यातली खरी सुधारणा. शास्त्र म्हणून मला दुसरी पद्धत पटते. वर्गात मात्र मी पहिलीच वापरते, कारण दहावीच्या मुलाला आधी काम दिसायला हवं, रूपाची चिकित्सा नंतर. पुस्तिकेत ‘क्रियाविशेषण-पदबंध’ हा शब्द या जुन्या, सैल अर्थाने आला आहे. विद्यापीठातल्या वाचकांनी रागावू नये.

आमच्या मुलांना हा विषय अवघड का जातो, याचं कारण त्यांच्याकडे तो नाही हे नसून तो एका शब्दात दडलेला आहे हे आहे. ‘बाजारात’ हा मराठीत एक शब्द. इंग्रजीत तीन: ‘इन द मार्केट’. ‘घाईघाईने’ एक, ‘इन अ ग्रेट हरी’ चार. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेव्हापासून मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि पुढे शाळेच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत आपण ‘बाजारात’ला सप्तमी म्हणून ओळखतो, ‘बसने’ला तृतीया, ‘भालकीहून’ला पंचमी. प्रत्ययांची तालिका पाठ असते: ने, ए, शी, ऊन, हून, त, ई, आ. मग इंग्रजीच्या तासाला बाई ‘फ्रेज शोधा’ म्हणाल्या की मूल दोन-तीन शब्दांचं काही तरी शोधू लागतं. आपण सकाळपासून पन्नास फ्रेजा बोललो आहोत, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मराठी व्याकरणाचा तास आणि इंग्रजी व्याकरणाचा तास यांच्या मध्ये जी सुट्टी होते, तीत हे सगळं सांडून जातं.

जुन्या पिढीला वेगळाच शब्द ठाऊक होता. निजामाच्या राज्यात शिक्षणाची भाषा उर्दू. 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही वरचं शिक्षण उर्दूतूनच. बीदर, गुलबर्ग्याकडच्या त्या काळच्या मराठी विद्यार्थ्याने व्याकरणातल्या काळवाचकाला ‘जर्फ-ए-जमान’ आणि स्थळवाचकाला ‘जर्फ-ए-मकान’ म्हणून घोकलं होतं. जर्फ म्हणजे भांडं. क्रिया ज्या काळात, ज्या जागी घडते ते तिचं भांडं, ही कल्पना मला फार आवडते. ‘क्रियाविशेषण’ हा आपला शब्द बरोबर आहे, पण तो कारकुनी वाटतो. भांडं म्हटलं की चित्र उभं राहतं: वाक्यातली क्रिया ओतलेली कशात आहे?

1 नोव्हेंबर 1956 ला त्या जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा पलीकडे गेले, जहिराबाद आणि नारायणखेड तेलुगू मुलुखात, आणि भालकी, औराद, हुमनाबाद बीदरबरोबर म्हैसूर राज्यात. आज भालकीच्या घरात उदगीरची सून असते आणि उदगीरच्या घरात भालकीची. गंमत म्हणजे भाषेच्या रेघांवर नकाशा कापला जात होता त्याच 1956 साली एम. बी. एमेनो यांचा ‘इंडिया ॲज अ लिंग्विस्टिक एरिया’ हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा रोख नेमका उलटा होता: वेगवेगळ्या कुळांतल्या भारतीय भाषा शेजारी राहून रचनेत एकमेकींसारख्या झाल्या आहेत. पंधरा वर्षांनी, 1971 मध्ये, जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास मांडला. तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू इतकी एका साच्यात आली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत उतरवता येत होतं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, हा तर आमच्या गठ्ठ्यातल्या लाल फुल्यांचा खुलासा आहे!

आमच्याकडचं एकच वाक्य घ्या. ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली.’ कन्नड शेजारीण म्हणेल ‘मळी बरतद अंत’, आणि छत्री घेईल. दखनी शेजारीण म्हणेल ‘बारिश आती बोलके’, आणि छत्री घेईल. ‘म्हणून’, ‘अंत’, ‘बोलके’ हे तिन्ही मुळात ‘म्हणणे’ या क्रियेतून आलेले, आणि तिन्ही आता कारण सांगण्याचं काम करतात. इंग्रजीत म्हणण्याचा इथे संबंधच नाही. तिथे ‘फॉर फिअर ऑफ रेन’ हा पदबंध येईल किंवा ‘इन केस इट रेन्ड’ असं उपवाक्य. तसंच ‘जेवून ये’. कन्नडमध्ये ‘ऊट माडि बा’, दखनीत ‘खाना खाको आ’. इंग्रजीत ‘कम आफ्टर लंच’. आमच्या तीन भाषांत एक क्रिया संपवून दुसरीकडे जातात, इंग्रजी पहिल्या क्रियेचं नामच करून तिला पदबंधात कोंबते.

जोर देण्याचंही तसंच. मराठीचा ‘च’ दखनीने ‘इच’ करून घेतला, ‘हळू’चं ‘हल्लू’ केलं, ‘नको’चं ‘नक्को’. कन्नडमध्ये ‘इल्ले’ म्हटलं की ‘इथेच’. म्हणून आमच्याकडचा प्रत्येक पदवीधर ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’ म्हणतो आणि बेंगळूरला गेल्यावर हसं होतं. हसणाऱ्यांना मी माफ करते, कारण तेही घरी तेच बोलतात. पण मुलांना सांगावंच लागतं की इंग्रजीत ‘च’ शेपटाला लावता येत नाही. तिथे आवाज चढवावा लागतो, किंवा ‘राइट हिअर’ असा वेगळा पदबंध करावा लागतो. ‘हळूहळू’ला ‘स्लोली स्लोली’ केलं तर मात्र मी फार खळखळ करत नाही. कान दुखत नाहीत.

एका ठिकाणी मात्र आमच्या भाषांमध्येच फूट आहे. कन्नडचा ‘इंद’ दोन कामं करतो: ‘कैयिंद’ म्हणजे हाताने, ‘ऊरिंद’ म्हणजे गावाहून. दखनीतला ‘से’ही तसाच. मराठी इथे वेगळी पडते, ‘हाताने’ आणि ‘गावाहून’ असे दोन खण करते. त्यामुळे ‘बाय’, ‘विथ’ आणि ‘फ्रॉम’ शिकताना मराठी मुलाला थोडी आयती मदत मिळते. ती मदत त्याने कन्नड मित्राला करावी, असे काही सराव मुद्दाम जोडीने करायचे ठेवले आहेत.

आता मांडणी. ‘मॅनर, प्लेस, टाइम’ हा मंत्र प्रत्येक गाईडमध्ये असतो: आधी कसं, मग कुठे, शेवटी कधी. मराठीत नेमकं उलट सुरू होतं, ‘काल संध्याकाळी बाजारात…’, म्हणून मुलांना आरशात बघून लिहायला सांगतात. मंत्र वाईट नाही, पण जाण्यायेण्याचं क्रियापद आलं की तो मोडतो. ‘वी वेन्ट टू उदगीर बाय बस यस्टरडे’ हेच सहज वाटतं, कारण ‘टू उदगीर’ हे ‘वेन्ट’ला कर्मासारखं चिकटलेलं असतं. मंत्रापेक्षा मोठा नियम एकच आहे आणि तो गाईडवाले बारीक अक्षरात टाकतात: क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये घुसायचं नाही. ‘ही स्पीक्स व्हेरी वेल कन्नडा’ चूक, ‘ही स्पीक्स कन्नडा व्हेरी वेल’ बरोबर. आपल्याकडे प्रत्यय नावाची चिठ्ठी शब्दाच्या पाठीवर असते, म्हणून ‘रामूने काल बाजारात बैल विकला’ हे वाक्य कसंही फिरवलं तरी विकणारा रामूच आणि विकला गेला तो बैलच. इंग्रजीत नामाच्या पाठीवर चिठ्ठी नाही. कोण कर्ता आणि काय कर्म हे जागेवरून ओळखायचं, मग ती जागा राखावीच लागणार.

आणखी एक. ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’ असा एकटा शब्द क्रियापदाच्या आधी सुखाने बसतो, पण ‘एव्हरी डे’ हा गट तिथे बसत नाही. ‘ही एव्हरी डे गोज टू द फील्ड’ हे आमच्या ‘तो रोज शेतात जातो’चं सरळ भाषांतर आहे, आणि म्हणूनच ते कानाला बरोबर वाटतं. लांब गट टोकाला, सुरुवातीच्या किंवा शेवटच्या. तिसऱ्या प्रकरणात एवढंच आहे.

खरं प्रकरण पाचवं, आणि पुस्तिका त्याच्यासाठी वाचावी. ‘द हेडमास्टर स्पोक टू द बॉइज इन द ऑफिस.’ हेडमास्तर ऑफिसात बोलले, की ऑफिसात बसलेल्या मुलांशी बोलले? इंग्रजी वाक्य सांगत नाही. ‘इन द ऑफिस’ हा एकच गट क्रियेला चिकटला तर क्रियाविशेषणाचा, नामाला चिकटला तर विशेषणाचा. परीक्षेत ‘ॲडव्हर्ब फ्रेज की ॲडजेक्टिव्ह फ्रेज?’ असा प्रश्न येतो आणि वर्गातली निम्मी मुलं नाणं उडवतात.

पण मराठीत हा संभ्रम राहूच शकत नाही. ‘ऑफिसात मुलांशी बोलले’ वेगळं, ‘ऑफिसातल्या मुलांशी बोलले’ वेगळं. त्या एका ‘ल्या’ने निकाल लागतो. ‘पुट द बुक ऑन द टेबल’: पुस्तक टेबलावर ठेव. ‘द बुक ऑन द टेबल इज माईन’: टेबलावरचं पुस्तक माझं. ‘वर’ आलं तर क्रियाविशेषण, ‘वरचं’ आलं तर विशेषण. ‘त’ की ‘तला’, ‘साठी’ की ‘साठीचा’, ‘उद्या’ की ‘उद्याचा’. मूल इंग्रजी गट मराठीत म्हणतं, शेपटाकडे बघतं आणि उत्तर देतं. दखनी बोलणाऱ्या मुलालाही हीच युक्ती चालते, तो ‘ऑफिस में’ आणि ‘ऑफिस में के पोट्टे’ यांत फरक करतोच. ‘ही इज इन द ऑफिस’सारख्या वाक्यांत काही व्याकरणकार या गटाला वेगळं नाव देतात, तिथे ही परीक्षा अपुरी पडते, ते पाचव्या प्रकरणाच्या शेवटी सांगितलं आहे. बाकी दहापैकी नऊ वेळा ती साथ देते. हा आकडा वर्गातल्या अंदाजाचा आहे, कोणी मोजलेला नाही.

ही युक्ती मी कित्येक वर्षं लपूनछपून वापरली. एका शाळेत, नाव कशाला घेऊ, इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की एक रुपया दंड होता. वरून तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसलेले असले की मी ‘तला’ हा शब्द फळ्यावर न लिहिता नुसता ओठांनी दाखवायची. मुलांना कळायचं. साहेबांनी शेऱ्यात ‘एक्सप्रेसिव्ह फेस’ असं लिहिलं होतं.

भाषा शिकायची तर आपली भाषा बाहेर काढून ठेवायची, हा विचार या मातीत तरी परका आहे. आळंद तालुक्यातल्या कडगंचीचे सरस्वती गंगाधर यांची घरची भाषा कन्नड. सोळाव्या शतकात त्यांनी ‘गुरुचरित्र’ मराठीत लिहिलं, आणि ते करताना आपली कन्नड पुसली नाही. त्यांच्या ग्रंथात कन्नड पदंही आहेत. भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापुरात आज महाराष्ट्रातून जे लोक येतात, त्यांना आपण एका कन्नड माणसाची मराठी वाचत आलो हे बहुधा आठवत नाही. त्याच कडगंचीत 2009 पासूनचं कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आता उभं आहे. तिथल्या वसतिगृहात ‘सिन्स टू इयर्स’ किती ऐकू येत असेल, असा एक खट्याळ विचार त्या रस्त्याने जाताना दर वेळी येतो. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभूही तसेच, मराठीबरोबर कन्नडमध्ये आणि हिंदुस्थानीत पदं रचणारे. तर्खडकरांच्या नावाने घरोघरी ओळखली जाणारी भाषांतर पाठमालाही अखेर याच वाटेची: मराठी वाक्य समोर ठेवा आणि इंग्रजीत न्या. मध्यंतरी ती वाट जुनाट म्हणून बंद झाली. भाषांतर म्हणजेच भाषाशिक्षण नव्हे, हे खरंच आहे. पण तपासणीचं साधन म्हणून भाषांतरासारखं स्वस्त काही नाही. त्याला वीजही लागत नाही.

सरावाची वाक्यं इथल्याच आयुष्यातली घेतली आहेत. डॅफोडिल नाहीत, बर्फ नाही. तुरीची रास आहे, गुलबर्ग्याची बस आहे, बीदरच्या किल्ल्यात चुकलेलं लेकरू आहे, उदगीरच्या मामाकडे गेलेली सुट्टी आहे. पहिली चार प्रकरणं आठवी-नववीच्या मुलांना शिक्षकाशिवाय वाचता येतील. पाचव्याला जोडीदार हवा. सहावं आणि सातवं घाईत असलेल्याने सोडलं तरी चालेल.

आठवं प्रकरण ‘बाय’ आणि ‘टिल’ यांचं, आणि ते मी तीन वेळा लिहून फाडलं. ‘सोमवारपर्यंत थांबेन’ आणि ‘सोमवारपर्यंत परत येईन’ या दोन्हींत आपण ‘पर्यंत’च म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला ‘टिल मंडे’, दुसऱ्याला ‘बाय मंडे’. थांबणं सोमवारपर्यंत सलग चालू राहतं, येणं त्याआधी कधी तरी एकदाच घडतं. हे असं समजावलं की वर्ग माना डोलवायचा आणि वहीत ‘आय विल कम बॅक टिल मंडे’ लिहायचा. ‘तला’सारखी एखादी शेपटी इथे सापडेना.

एका दुपारी नववीच्या वर्गात मी पुन्हा तेच सांगत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, म्हणाली, “टीचर, ‘सोमवारच्या आत येईन’ म्हणता येतं. ‘सोमवारच्या आत थांबेन’ म्हणता येत नाही.”

मी खडू खाली ठेवला. आम्ही पुढचा अर्धा तास वाक्यं लावून पाहिली. पैसे सोमवारच्या आत देईन, चालतं, ‘बाय’. सोमवारच्या आत झोपून राहीन, चालत नाही, ‘टिल’. पेरणी मृगाच्या आत उरकली, ‘बाय’. ‘च्या आत’ बसलं की ‘बाय’, नाही बसलं की ‘टिल’. आठवं प्रकरण त्या रात्री एका बैठकीत लिहून झालं, आणि त्यातली पहिली बारा वाक्यं त्या वर्गाचीच आहेत.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीचा रजेचा अर्ज आला, मावशीच्या लग्नासाठी. अक्षर सुंदर, विरामचिन्हं जागच्या जागी. शेवटची ओळ: ‘आय विल कम बॅक टिल मंडे.’